दुआसाठी उचललेले हात

१४ एप्रिल, सारीकायिंग

हात अजून वरच होते, तेवढ्यात जमीरबेक म्हणाला, "कोणी हलू नका. असेच राहा. हात जरा आणखी वर." आणि त्याने फोटो काढला.

कानिशाय, तू माझा फोन उचलत नाहीस. आवाजी निरोप ऐकत नाहीस. एर्नाझारला विचारलं तर म्हणतो, "आई, तुम्हा सासूसुनांच्या मध्ये मला घेऊ नका." म्हणून पत्र लिहिते आहे. शेजारचा मुलगा तुमच्याकडे येकातेरिनबर्गला कामासाठी निघाला आहे. दह्याच्या सुक्या गोळ्यांची पिशवी देणार आहे, तिच्यातच हेही टाकेन. पिशवी तरी तू उघडशील.

मी बेगायिमबद्दल लिहिते आहे. दुसऱ्या कशाबद्दल नाही.

यंदा आपल्या संगीतशाळेत मुलांची समिती झाली. वरून आदेश आला की काय शिकायचं ते मुलांनाही विचारा. सात जण निवडायचे होते. बेगायिम त्यांत आहे. मी तिचं नाव सुचवलं नव्हतं, मुलांनीच तिला निवडलं. मला वाटलं, ही मुलं गिटार मागतील, नाहीतर सुट्ट्या. त्यांनी एकच गोष्ट मागितली. मेमधल्या परीक्षेत वाजवायला ठरवून दिलेल्या तीन तुकड्यांबरोबर चौथा तुकडा ज्याच्या त्याच्या पसंतीचा असावा. स्वतः बांधलेला असला तरी चालावा. अकॉर्डियनवाल्या सामतला त्याच्या मामाच्या टॅक्सीत वाजतं ते गाणं वाजवायचं आहे. बेगायिमला कोमुझच्या तीन तारांवर स्वतःची धून वाजवायची आहे. हो, तिने धून बांधली आहे. तुला कोणी सांगितलं नसेल.

सभेला आम्ही शिक्षक, ही सात मुलं, थोडे पालक आणि सेयिताली आजोबा एवढे होतो. गावात काहीही असलं की त्यांना बोलावतात, आणि तेही येतात. जमीरबेक आता मुख्याध्यापक आहे, त्याने जिल्ह्याहून आलेला अभ्यासक्रम वाचून दाखवला. मग म्हणाला, "हं, बोला मुलांनो." बेगायिम उठली. "आमचं म्हणणं असं आहे की," एवढं ती म्हणाली आणि चहा आला.

चहा आला तसा जमीरबेक म्हणाला, "आजोबांना लांब जायचंय. आधी दुआ घेऊन टाकू."

दुआ शेवटी होते. दुआ झाली की उठायचं. मग बसलेला माणूस पुन्हा बोलत नाही. हे मला माहीत आहे, जमीरबेकला माहीत आहे, आणि त्या सातही मुलांना पाळण्यात असल्यापासून माहीत आहे. आजोबांनी ओंजळ उघडली. बेगायिम तोंड उघडं ठेवून उभी होती. मग तिनेही हात उचलले. दुसरं काय करणार होती?

फोटो त्याच दिवशी जिल्ह्याला गेला. खाली लिहिलं होतं: अभ्यासक्रमाला मुलांची एकमताने मान्यता.

मी जमीरबेकच्या खोलीत गेले. तो मला अजून ताई म्हणतो. माझ्या हाताखाली शिकला तो. तेव्हाही विरामाच्या जागा गिळून पुढे जायचा.

"हात वर होते की नव्हते, ताई?"

"दुआसाठी होते."

"जिल्ह्यात हात मोजतात. कशासाठी वर होते ते फोटोत दिसत नाही."

"मग तू सांग त्यांना."

"काय सांगू? आजोबांची दुआ परत घेतो म्हणून? तुम्ही घ्या. माझ्या घरात लहान मुलं आहेत, मी नाही घेत असलं काही अंगावर." मग कपाळ चोळत म्हणाला, "छत गळतंय, ताई. पियानोवर ताडपत्री टाकलीय. वर काहीतरी सुरळीत चाललेलं दिसलं तरच ते छताचं बघतील."

मी फार भांडले नाही. तो अभ्यासक्रम वाईट नाही. त्यानेच बोटं तयार होतात. बेगायिमलाही मी हेच सांगितलं.

बुरुलसुन


२३ एप्रिल, सारीकायिंग

पिशवी पोचली असं एर्नाझार म्हणाला. पत्राबद्दल तो काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.

बेगायिम माझ्याशी कामापुरतं बोलते. परवा जेवताना म्हणाली, "तू त्या सभेत होतीस ना?"

"होते."

"मग बोलली का नाहीस?"

"दुआ झाली होती."

"दुआच्या आधी?"

मी चहा ओतला. तिने दूध घेतलं नाही. रागावली की कोरा चहा पिते. ही खोड तिला तुझ्याकडून आली आहे.

फोटो सगळ्या गावाच्या मोबाईलवर फिरला. सेयिताली आजोबांच्या म्हातारीने तो त्यांना दाखवला. ते काठी टेकत माझ्या फाटकाशी आले. आत या म्हटलं तर येईनात.

"बुरुलसुन, या वयात मला निवडणुकीला उभं केलंत होय?"

"मी नाही, आजोबा."

"मी म्हटलं, या पोरांची वाट मोकळी होवो. तोंडाने तेच म्हणालो ना? आणि खाली लिहिलंय की पोरांना काही नकोय. माझी दुआ कुठल्या खात्यात जमा केली त्याने?"

"तुम्हीच विचारा त्याला."

"मी विचारेन. तू का नाही विचारलंस?" असं म्हणून माझं उत्तर न ऐकता गेले.

मी का भांडले नाही ते आता लिहिते. तुला नाही तर कोणाला लिहू? दुसऱ्या कोणाला ते कळणार नाही.

मला बेगायिमची ती धून माहीत आहे. गोठ्यामागे ती सामतला ऐकवत होती. मी वासराला बांधत होते. धुनीआधी तिची गोष्ट सांगायची, हे मीच वर्गात शिकवते. गोष्ट नसेल तर ती धून नाही, नुसता बोटांचा व्यायाम आहे, असं मी म्हणते. तर तिने गोष्ट सांगितली. जशी ऐकली तशी लिहिते.

"दर उन्हाळ्यात एक बाई यायची. मोठी बॅग आणायची. मला सांगायचे, ताईला पापी दे. मी द्यायची. ती माझी वेणी घालायची आणि खूप घट्ट घालायची. एकदा ती गाडीत बसली आणि गाडी सुटली. मी मागे पळाले. मला 'ताई' अशी हाक मारायची होती. तोंडातून 'आई' आलं. गाडीच्या आवाजात कोणाला ऐकू गेलं नाही. ही धून त्या हाकेची आहे."

सामत म्हणाला, "मग बुरुलसुन बाईंना काय म्हणतेस?"

"आईच."

"मग दोन झाल्या की."

"म्हणून तर धून लांब आहे," ती म्हणाली. दोघं हसली. मग तिने ती वाजवली.

मला गुण द्यायचे असते तर डाव्या अंगठ्यासाठी कमी दिले असते. बाकी काही काढता आलं नसतं.

तर कळलं असेल तुला. परीक्षेत चौथा तुकडा आला, तर ती हे गावासमोर सांगणार. पालक असतील, जिल्ह्याची बाई असेल, परीक्षकांच्या टेबलाशी मी असेन. नाही आला, तर ती ठरलेले तीन तुकडे वाजवेल, चांगले वाजवेल, आणि सगळं आहे तसं राहील. जमीरबेकने केलेल्या लबाडीचा फायदा मला होतो आहे. म्हणून मी त्याच्या खोलीतून लवकर बाहेर पडले.

पहिलं मूल सासूला द्यायचं, ही रीत मी काढलेली नाही. माझा पहिला मुलगाही माझ्या सासूनेच वाढवला. तो ओशला असतो, नातवंडं झाली त्याला. आजही फोन केला की म्हणतो, "बुरुलसुन, तब्येत कशी आहे?" तू ते ऐकलं आहेस. तू तेव्हा नवी होतीस, तोंडावर हात ठेवून हसली होतीस. मीही हसले होते.

बुरुलसुन


४ मे, सारीकायिंग

काल पालकांची सभा झाली. ठरलेला अभ्यासक्रम वाचून दाखवायचा आणि दुआ घ्यायची, एवढंच होतं. थंडी परत आली आहे. शेळ्या व्यायल्या, आणि पिल्लं स्वयंपाकघरात ठेवली आहेत. मी तशीच, अंगाला तो वास असताना, सभेला गेले.

जमीरबेकने वाचलं. पालकांनी माना हलवल्या. कोणी काही विचारलं नाही. मुलं पहिल्या बाकावर ओळीने बसली होती, फार शांत. मला तेव्हाच समजायला हवं होतं. सामत शांत बसत नसतो.

सेयिताली आजोबांनी ओंजळ उघडली. "हं, हात उघडा, लेकरांनो."

सगळ्या सभागृहाने हात उघडले. पहिल्या बाकाने उघडले नाहीत. सातही जण आपापल्या हातांवर बसले होते. खरोखरच बसले होते, हात मांड्यांखाली घालून.

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग आया फुसफुसू लागल्या. "हात काढ. हात काढ म्हणते ना! घरी चल तू." सामतच्या आईने मागून त्याचा दंड ओढला. तो हातावर आणखी रेलून बसला आणि बाक करकरला. एक म्हातारी म्हणाली, "शहरात सुद्धा असं करत नाहीत." दुसरी म्हणाली, "शहरातूनच आलंय हे." इतक्या वर्षांत मी दुआला हात न उचलणारं मूल पाहिलं नव्हतं. दारुडे सुद्धा उचलतात.

बेगायिम बसल्या जागेवरून बोलली. उभं राहायला हात सोडवावे लागले असते. "आजोबा, आधी मत. मग दुआ."

पुढे बोलायचं तिने काही ठरवलं असावं, ते आलं नाही.

आजोबांची ओंजळ उघडीच होती. ते तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ते उठतील, आणि ते उठले असते तर त्या मुलांना गावात कोणी दारात उभं केलं नसतं. मग त्यांनी मान वळवली.

"जमीरबेक."

"जी."

"मागच्या खेपेला मी दुआ केली तेव्हा तू काय मोजलंस?"

जमीरबेकने हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"मी उघडलेले हात रिकामे मिटत नाही. असाच बसतो. तुमचं काय ते उरका. लवकर उरका, माझा हा खांदा दुखतो."

मागे कोणीतरी हसलं. जमीरबेक लाल झाला होता. त्याने कागद खाली ठेवला, उचलला, परत ठेवला. मग म्हणाला, "मुलांनी एक तुकडा आपल्या पसंतीचा वाजवावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा. एक हात."

सात हात निघाले. बधीर झाले असावेत, मुलं ते झटकत होती. सामतने दोन्ही वर केले होते, त्याला एक खाली घ्यायला लावला. मग पालकांचे हात वर आले. आधी थोडे, मग एकाचा बघून दुसऱ्याचा. पियानोच्या बाईंचा आला. शेवटी खुद्द जमीरबेकचा आला. आपला हात वर आहे हे त्याला स्वतःलाच पटत नव्हतं, असं त्याचं तोंड होतं.

माझे हात दुआसाठी उघडले होते. मी ते मांडीवर ठेवले.

बेगायिम वळून मोजत होती. तिची नजर माझ्यापाशी आली, थांबली, पुढे गेली.

मग दुआ झाली. आजोबा म्हणाले, तुमची बोटं चालोत, तुमची तोंडं उघडोत, आणि माझा खांदा बरा होवो. सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले.

घरी येईपर्यंत ती माझ्या पुढे चालत होती. पाव भाजायचे होते. तिने न सांगता पीठ घेतलं.

"तू हात वर केला नाहीस."

"नाही."

"का?"

मी म्हणाले, "माझं मत तसं होतं."

तिने थोडा विचार केला. "मत होतं ना," ती म्हणाली, "मग ठीक आहे." आणि पिठात मीठ घातलं.

ती रडली असती, भांडली असती, तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. ती शांतपणे मळत बसली. मी पिल्लांना दूध पाजलं.

बुरुलसुन


२१ मे, सारीकायिंग

आज परीक्षा झाली.

आधीच सांगते, तिला गुण मी दिले नाहीत. घरचं मूल आहे म्हणून मी मागे सरले. गुण पियानोच्या बाईंनी आणि जिल्ह्याहून आलेल्या बाईने दिले. मी फक्त नावं पुकारत होते: नाव, तुकडा, कोणाची रचना.

सामतने टॅक्सीतलं गाणं वाजवलं. मधला भाग विसरला, म्हणून पहिलाच भाग तीन वेळा वाजवला. जिल्ह्याच्या बाईचा पाय टेबलाखाली ताल धरत होता. मग ती म्हणाली, "याला परवानगी आहे का?" जमीरबेक म्हणाला, "एकमताने आहे." आणि माझ्याकडे बघितलं नाही.

मग मी पुकारलं: बेगायिम, एर्नाझारची मुलगी. धून, "हाक". रचना तिचीच.

ती खुर्चीवर बसली, कोमुझ मांडीवर घेतला, आणि गोष्ट सांगितली. गोठ्यामागे सांगितली होती तशीच. एक शब्दही गाळला नाही. घट्ट वेणीचंही सांगितलं. खोलीत ज्यांना आपलं घर माहीत आहे ते खाली बघत होते, म्हणजे सगळेच. त्यांच्यातल्या अर्ध्या घरांत हेच आहे. कोणाची आई मॉस्कोत, कोणाची दक्षिणेकडच्या कुठल्या शहरात. मुलं आजीला आई म्हणतात आणि आईला ताई, आणि कोणी त्याबद्दल बोलत नाही. सामतची आजी डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने नाक पुसत होती. "सर्दी झालीय," असं तिने शेजारणीला सांगितलं. विचारलं नव्हतं कोणी.

बेगायिमने वाजवायला सुरुवात केली. तुला संगीतातलं कळत नाही, तरी सांगते. वरची तार ती एकसारखी छेडते, ती गाडी असावी. मधल्या तारेवर हाक येते. ती पूर्ण होत नाही. पुन्हा येते, पुन्हा होत नाही. शेवटी तिने गाडी थांबवली आणि हाक एकटी वाजवली, एकदाच. मग हात तारांवर ठेवून आवाज बंद केला. असा शेवट मी शिकवलेला नाही. मी विरत जाऊ द्यायला शिकवते.

जिल्ह्याची बाई म्हणाली, "डावा अंगठा कच्चा आहे." खरं आहे ते. मी तिला दोन वर्षं सांगते आहे.

परीक्षेत टाळ्या वाजवत नाहीत. मी पुढचं नाव पुकारलं.

कानिशाय, गेल्या उन्हाळ्यात तू तिला न्यायला आलीस तेव्हा दारात आपण दोघी जे बोललो, ते मी आज सगळं आठवून पाहिलं. तू म्हणालीस, माझं मूल आहे. मी म्हणाले, तू दिलंस. तू म्हणालीस, तिथल्या शाळा चांगल्या आहेत. मी म्हणाले, तिथे तिला कोमुझ कोण शिकवेल. तू रीतीला नावं ठेवलीस, मी तुझ्या माहेराला. एर्नाझार अंगणात सिगारेट ओढत होता. बेगायिम तिथेच पायरीवर बटाटे सोलत होती. सगळे सोलून झाले होते तरी तिने सुरी खाली ठेवली नव्हती. तिला तू काही विचारलं नाहीस. मीही नाही.

आता थकले मी. बरोबर कोण होतं, यावर मला आणखी बोलायचं नाही. तू बोललीस तर ऐकेन.

पत्र संपवून ठेवते आहे. ते नेणारी बस उद्या दुपारची आहे.

२२ मे

सकाळी तिची वेणी घालताना मी विचारलं, तुला कोणाकडे राहायचं आहे. तिने ओळखलं की मी खरंच विचारते आहे. म्हणाली, "विचार करून सांगते." मग तिने कोमुझ घेतला आणि शाळेत गेली.

बुरुलसुन